नजरेतून सुटलेले मराठी चित्रपट कसे शोधावेत

शोधाची सुरुवात तिकीटबारीच्या आकड्यांपासून न करता महोत्सवांच्या पुरस्कार-यादीपासून करावी, आणि ती यादी दोन वर्षे मागची घ्यावी; कारण लहान चित्रपटाला महोत्सवातून चित्रपटगृहापर्यंत पोहोचायला बराच काळ लागतो. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला टोरंटो महोत्सवात २०२३ मध्ये नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार मिळाला, पण आपल्याकडे तो मार्च २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. विदर्भातल्या खेड्यात सविताला पाहायला पाहुणे येतात, नाव, शिक्षण, उंची विचारतात आणि निघून जातात. पुढच्या वेळी पुन्हा तेच प्रश्न. ही पुनरावृत्तीच चित्रपटाचा प्राण आहे, म्हणून असे चित्रपट दृश्ये पुढे पळवत कधीही पाहू नयेत.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरमध्ये तो पडद्यावर आला. अशा चित्रपटांना बहुधा दिवसाला एखादाच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी. त्यामुळे तिकीट पहिल्या शनिवार-रविवारीच काढावे. तो आठवडा हुकल्यास ओटीटीवर नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोधावे.