मारिओची उडी उशिरा पडत होती, त्याची गोष्ट

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ कॉम्प्युटरवर रेट्रोआर्चमध्ये (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारे एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) लावला आणि पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडलो. आधी वाटलं, वय झालं! पण बटण दाबल्यावर उडी खरंच उशिरा येत होती. नव्या कन्सोलवरही जुने गेम बहुतेक एम्युलेटरवरच चालतात, फक्त तिथे सेटिंग आपल्या हातात फारसं नसतं. इथे होतं, म्हणून खटपट केली.

पहिला दोषी कॉम्प्युटरला जोडलेला टीव्ही निघाला. चित्र सुधारण्यासाठी तो प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, थोडी अडवून ठेवतो. टीव्हीचा गेम मोड (ही सुधारणा टाळणारं सेटिंग) सुरू करताच अर्धं दुखणं गेलं. ब्लूटूथ कंट्रोलरला वायर जोडली, त्याने थोडाच फरक पडला.

उरलेला उशीर खुद्द गेमचा होता. जुन्या मशीनवरही तो असायचाच, पण ट्यूबच्या टीव्हीची स्वतःची भर जवळजवळ शून्य. गेम थांबवला, उडीचं बटण दाबून धरलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. मारिओ ज्या फ्रेमला हलतो, त्याहून एक कमी आकडा रेट्रोआर्चच्या ‘रन-अहेड’मध्ये (गेम तितक्या फ्रेम आधीच पुढे पळवून दाखवणारं सेटिंग) टाकायचा. सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद वाचतात. हावरटपणाने आकडा वाढवला तर उडीची सुरुवातच गिळली जाते आणि मारिओ टुणकन हवेत उगवतो. मी तेही करून पाहिलं. प्रोसेसरवर ताणही वाढतो, कारण प्रत्येक फ्रेमसाठी गेम पुढे पळवून मागे आणावा लागतो.

खड्डा आता पार होतो. पुढच्या कासवाला मात्र अजून धडकतोय, तो दोष माझा.