शाळेत पत्रांचा उपक्रम करायचाय? आधी ‘आपले कार्य महान आहे’ हे वाक्य बंद करा

मी लालबाग-परळ भागातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते, आणि गेली काही वर्षं आम्ही पोरांकडून पत्रं लिहून घेतो, मायेची, आभाराची, कोणाची तरी विचारपूस करणारी. आता दुसऱ्या शाळांतल्या बाई विचारतात कसं करता म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो होतो ते आधी सांगते. एका वृद्धाश्रमाला न विचारताच शंभराच्या वर पत्रं पाठवून दिली. तिथल्या लोकांना कळेना ही कोणाची, कोणाला वाटायची, नावं तर कुठल्याच पत्रावर नाहीत, सगळ्यांची सुरुवात ‘प्रिय आजी-आजोबा’. एक उत्तर आलं नाही आणि पोरं महिनाभर रोज विचारत होती, बाई आलं का, बाई आलं का. चूक आमचीच होती. ज्याला ओळखत नाही त्याला पोरगं काय लिहिणार, आणि ज्याला अपेक्षाच नाही तो उत्तर तरी काय देणार. तेव्हापासून नियम एकच, पत्र एका माणसाला आणि त्यात त्या माणसाने केलेली एक गोष्ट, जी लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलीय.

हे ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या पोरांना पत्र म्हणजे परीक्षेतलं पत्र एवढंच माहिती. ति. बाबांस सा. न. वि. वि., मी इकडे खुशाल आहे, आणि उजव्या कोपऱ्यात ‘अ ब क’. त्यामुळे वॉचमन काकांना पत्र लिहा म्हटलं की चाळीसच्या चाळीस वह्यांत येतं, ‘आपण फार मेहनती आहात, आपले कार्य महान आहे.’ त्यांचा दोष नाही, आपणच शिकवलंय. म्हणून फळ्यावर नमुना पत्र अजिबात लिहू नका, लिहिलंत की संपलं, तेच उतरून काढतात. त्याऐवजी पहिला तास नुसता बोलण्यात घालवा. कोणी कधी तुझ्यासाठी काय केलं? कुठे होतास? त्यांच्या हातात काय होतं? ते काही बोलले का? तू तेव्हा थँक्यू म्हणालास का? बहुतेक पोरं शेवटच्या प्रश्नाला गप्प होतात, आणि पत्र तिथूनच सुरू होतं. आमच्या एकाने सफाईच्या मावशींना लिहिलं होतं, पावसात माझी चप्पल तुटली तेव्हा तुम्ही सुतळीने बांधून दिली, मी तशीच घरी घालून गेलो, आईने नवी आणली तरी सुतळीवाली ठेवलीय. चारच ओळी. मावशी ते पत्र पिशवीत घेऊन फिरायच्या.

सुरुवात वर्गातच करा. नावांच्या चिठ्ठ्या टाका, ज्याच्या हाती जी येईल त्याला लिहायचं, आणि आधी आठवडाभर त्याच्याकडे गुपचूप लक्ष ठेवायचं, हा भाग पोरांना भारी आवडतो. चिठ्ठ्या का, तर एकदा आम्ही म्हटलं कोणालाही लिहा, आणि क्लास मॉनिटरला अकरा पत्रं आली आणि तीन पोरांना एकही नाही. त्या दिवशी त्या तिघांची तोंडं बघवत नव्हती. बाहेरची पत्रं दुसऱ्या फेरीत. व्हॅनवाले काका, शिपाईकाका, रोजच्या बसचे कंडक्टर, चाळीच्या खाली बसणारी भाजीवाली, आणि गावची आजी. मुंबईतल्या पोरांचं अर्धं घर गावाला असतं, कोणाचं कोकणात, कोणाचं साताऱ्याला, कोणाचं थेट यूपी-बिहारला, त्यामुळे भाषेची सक्ती नको, हिंदीत लिहू दे, तेलुगूत लिहू दे. आजीला वाचता येत नसेल तर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार हे धरून लिही म्हणून सांगा, मग पोरं आपोआप बोलल्यासारखं लिहितात. ज्याला लिहायचंच नाही त्याला सोडा, तो तिकिटं चिकटवेल. आणि भांडण झालेल्या दोघांना माफीची पत्रं लिहायला बसवू नका, ती शिक्षाच होते.

आता सामान. पोस्टकार्ड ५० पैशांचं, आंतरदेशीय अडीच रुपयांचं, पाच रुपयांचं पाकीट. चाळीस पोरांना वीस रुपयांत पोस्टकार्डं होतात, म्हणजे एका वडापावच्या आसपास, तेव्हा बजेट नाही हे कारण मोठ्या बाईंना सांगू नका. फक्त छोट्या पोस्टात एकदम शंभर कार्डं असतीलच असं नाही, आठवडाभर आधी जाऊन सांगून ठेवा. पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतं, म्हणून मनातलं काही असेल तर आंतरदेशीय द्या. बॉलपेनच वापरा, जेल पेनवर पाण्याचा थेंब पडला की सगळं पसरतं. आणि सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे बाहेरच्या प्रत्येक पत्रासोबत पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घाला, त्यावर शाळेचा पत्ता आधीच लिहून. समोरच्याला कार्ड आणायला पोस्टात जावं लागत नाही म्हटल्यावर उत्तर येण्याची आशा बरीच वाढते.

पत्ता लिहायला एक अख्खा तास ठेवा, खरंच. सातवीच्या पोरांना स्वतःचा पिन कोड येत नाही, ‘मॅपवर लोकेशन टाकतो’ म्हणतात. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृत कवी होते, हे सांगितलं की पोरं जरा कान देतात. मग आकडे उलगडून दाखवा, पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल खात्याचा छाटणीचा जिल्हा, मुंबईचे ४००, आणि शेवटचे तीन आपल्या पोस्टाचे, लालबागचे ०१२. गावच्या पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि ‘अमक्याच्या घराशेजारी’ लिहिलं तरी चालतं. शुद्धलेखन मी फक्त पत्त्यात तपासते. आतल्या मजकुराला लाल पेन लावायचं नाही, ‘सुतळी’चा ‘सूतळी’ झाला तर होऊ दे.

पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमी शाळेचा, पोराचं पहिलं नाव आणि इयत्ता बस, घरचा पत्ता किंवा मोबाईल नंबर नको. गावच्या आजीला अर्थात हे लागू नाही.

एक गोष्ट गंभीर आहे. पत्रं पाठवण्याआधी मोठ्या माणसाने वाचायलाच हवीत, आणि आपण वाचणार हे पोरांना आधीच सांगायचं, फसवायचं नाही. कारण मायेने लिही म्हटलं की कधीकधी भलतंच बाहेर पडतं, घरी मारतात, कोणी त्रास देतं. असं पत्र बाजूला काढा, वर्गात किंवा स्टाफरूममध्ये चर्चा नको, पोराशी एकटं शांतपणे बोला आणि मुख्याध्यापक, समुपदेशक यांना सांगा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास फुकट चालते. लैंगिक त्रासाचा विषय असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचंच आहे, ‘बघू नंतर’ चालत नाही.

वेळ कधीची? ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो पण आपल्याकडे तेव्हा सहामाही परीक्षा, १३ नोव्हेंबरला तो काइंडनेस डे असतो तेव्हा कधी दिवाळीची सुट्टी, त्यामुळे दिवसाच्या मागे लागू नका. नोव्हेंबरचा शेवट ते गॅदरिंगच्या तालमी सुरू होईपर्यंत, चार आठवडे, आठवड्याला दोन तास. जून-जुलैत नकोच, ॲडमिशनची गडबड आणि वर पाऊस.

पत्रं पोरांनीच पेटीत टाकायची, शिपाईकाकांकडे गठ्ठा देऊन मोकळं व्हायचं नाही. जवळच्या पोस्टात आधी विचारलं तर पोस्टमास्तर शिक्के कसे मारतात ते दाखवतात, आमच्या पोरांना शिक्का मारायला मिळाला तर घरी जाईनात. जमलं तर सीएसएमटीजवळचं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य पोस्ट ऑफिस, दाखवा, १९१३ सालची ती इमारत, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला तो घुमट, आत शिरल्यावर पोरं आपोआप हळू बोलायला लागतात.

नंबर काढू नका. ‘सर्वोत्कृष्ट पत्र’ जाहीर केलं की पुढच्या वर्षी पुन्हा ‘आपले कार्य महान आहे’ सुरू. स्पर्धेची हौस असलेल्यांसाठी टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा आहे, तिथे वेगळं लिहू दे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रांचे फोटो टाकायचे नाहीत, मी एकदा टाकला होता आणि त्या मुलीने महिनाभर माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी एक वही घाला, कोणी कोणाला लिहिलं, कधी टाकलं, उत्तर आलं का. उत्तरं लगेच येत नाहीत, काही मार्चपर्यंत येतात, काही थेट जूनमध्ये, तोपर्यंत पोरगं पुढच्या वर्गात गेलेलं असतं. म्हणून शिपाईकाकांकडे बुटाचा एक रिकामा खोका देऊन ठेवलाय, पोस्टमनने आणलं की त्यात, आणि ते स्वतःच मधल्या सुट्टीत नाव घेऊन हाक मारतात.