हुकूमशाही संपल्यानंतरची माणसे कथेत कशी रंगवावीत

हुकूमशाहीने सामान्य माणसावर उमटवलेला ठसा दाखवायचा असेल, तर हुकूमशहाला पहिल्या खर्ड्यापासूनच कथेबाहेर ठेवावे. त्याची भाषणे आणि संचलने वाचकाला ठाऊक असतात. लेखकाने शोधायची ती अशी सवय, जिचे कारण संपले तरी जी माणसाच्या अंगातून गेलेली नाही.

ही सवय मनाने रचू नये, त्या देशाच्या नियमांत शोधावी. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९८३ साली काढलेल्या हुकमानुसार टाइपरायटरची नोंद पोलिसांकडे करून त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागे, म्हणजे निनावी पत्रक सापडल्यास ते कोणत्या यंत्रावर टंकले गेले याचा माग काढता येई. राजवट १९८९ मध्ये कोसळली. त्यानंतर दहा वर्षांनी एक नात आजोबांच्या टाइपरायटरचे वाकडे झालेले अक्षर दुरुस्त करून आणते; आजोबा नव्याने टंकलेली ओळ दिव्याखाली धरतात आणि विचारतात, "हे कशाला बदललंस? आता नमुना जुळायचा नाही." इथेच थांबावे. आजोबा का घाबरले हे निवेदक समजावू लागला की प्रसंगातला जीव जातो. नातीला ते वाक्य कळलेच नाही, एवढे वाचकाच्या लक्षात आले की पुरे.

क्रियापदाच्या काळाकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे उचलून नेली गेली आणि कित्येकांचे मृतदेहही घरच्यांना मिळाले नाहीत. अशा घरातली आई "मुलगा शिकतो" असे वर्षानुवर्षे म्हणत आली असेल, तर "शिकत होता" हे शब्द तिच्या तोंडी घालण्यापूर्वी लेखकाने शंभरदा विचार करावा, कारण त्या एका "होता"ने ती मुलाला स्वतःच्या तोंडाने मृत ठरवते. तिथे १९९४ साली ‘सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित’ असा वेगळा कायदेशीर दर्जा निर्माण करण्यात आला तो याचसाठी, की कागदोपत्री व्यवहारांकरिता कुटुंबाला मृत्यू मान्य करावा लागू नये.

पात्राचे वय राजवटीच्या सालांशी ताडून घ्यावे. स्पेनमध्ये १९४० साली जन्मलेली व्यक्ती, १९३९ पासून सत्तेवर असलेला हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला त्या वेळी पस्तिशीत होती. तिच्याजवळ आठवायला दुसरा काळच नव्हता.

सर्वांत अवघड पात्र खबऱ्याचे. पूर्व जर्मनीतल्या गुप्त पोलिसांच्या फायली १९९२ पासून ज्याच्या त्याला वाचता येऊ लागल्या. त्यांत खबऱ्यांची टोपणनावे असत आणि खरे नाव हवे असल्यास ते वेगळे मागावे लागे. हे नाव कथेच्या शेवटासाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, पण माझ्या मते ते सुरुवातीलाच सांगून टाकावे. फाईल वाचणाऱ्या नायिकेच्या आजारपणात रोज सूप आणून देणाऱ्या शेजाऱ्याचेच ते नाव असू द्यावे. संध्याकाळी तो नेहमीसारखा दार वाजवून तळघराची किल्ली मागतो, आणि फाईल अजून टेबलावर उघडीच असते.