कुत्र्याला घेऊन कॅम्पिंगला निघालाय? बॅग भरताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की बेळगावातनं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, नाहीतर चंदगड-तिलारीकडं टेंट घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि हल्ली बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटवर कुत्रंही असतंय. चांगलंच आहे ते. पण आपल्यासाठी मॅगीपासून पॉवर बँकेपर्यंत सगळं आठवतं आणि त्याच्यासाठी ऐनवेळी एक पट्टा आणि बिस्किटचा पुडा उचलला जातो. त्याची बॅग वेगळी भरा, आणि आदल्या आठवड्यापासूनच भरायला घ्या.

आठवडा कशाला, तर गोचिडांसाठी. निघायच्या दिवशी सकाळी औषध लावून गाडीत बसवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाठीवर सोडायचं औषध अंगभर पसरायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळं निदान दोन दिवस आधी लावा आणि त्याच्या आगंमागं दोन दिवस शॅम्पूची अंघोळ नको. आपल्या भागात हे हलक्यात घेऊन चालत नाही, १९५७ साली शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडांतूनच माणसाला होतो आणि तो शेजारच्या सत्तरी, दोडामार्गातही आढळलाय. कुत्र्याच्या अंगावरनं गोचीड टेंटमध्ये आली की तुमच्याच पांघरुणात शिरणार.

बॅगेत बारीक टोकाचा चिमटा पाहिजेच. संध्याकाळी टॉर्च घेऊन कानाची पाळी उलटी करून आत बघा, पायाच्या बोटांमधली फट, कॉलरखाली, काखेत, शेपटीच्या बुडाला. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीला अगदी चिकटून धरायची आणि सावकाश सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल, तेल, जळकी काडी यातलं काही नको, आणि बोटानं तर चिरडूच नका.

पाणी घरनं न्या. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर लागतंच, चाललं-पळलं किंवा ऊन असलं की त्याहून बरंच जास्त. "ओढा आहे की तिथं" म्हणून मोकळं जाऊ नका, साचलेल्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतनं पसरणाऱ्या तापाची भीती असते आणि ओढ्याचं पाणी पिताना बारीक जळू नाकात शिरते. परत आल्यावर सारखं शिंकतंय, एकाच नाकपुडीतनं रक्त येतंय असं दिसलं तर घरी खटपट करू नका, डॉक्टरकडं न्या.

खाण्यात नवीन प्रयोग तिथं नकोत, रोजचंच जेवण मोजून डब्यात न्या आणि एक वेळचं जादा. चिकनची शिजलेली हाडं टाकू नका, ती फुटून टोकदार होतात. कांदा-लसणाचा रस्सा भातावर ओतू नका. आणि बेदाणे! शिऱ्यातले, चिवड्यातले चार बेदाणे कुणीतरी मायेनं भरवतं, पण त्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. लंगडतंय म्हणून आपली पेनकिलर देणं हेही तसंच जिवावर बेतणारं.

रात्री टेंटच्या बाहेर खुंटीला बांधून झोपणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. "राखण करेल की" म्हणतात. अहो, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही! त्याला आत घ्या, म्हणजे टेंटही त्याला धरून मोठा बघा आणि त्याची रोजची चादर किंवा पोतं सोबत न्या, ओळखीच्या वासानं ते लवकर शांत होतं. मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा असेल तर अंगावर केस कमी, डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतोच. दिवसाही मुधोळ मोकळा सोडू नका, ससा दिसला की हाकेला थांबत नाही तो. हार्नेस, लांब दोरी, आणि कॉलरला तुमचा नंबर कोरलेला बिल्ला.

जंगलात मोबाईलची रेंज कुठं मिळेल कुठं नाही सांगता येत नाही, त्यामुळं बेळगाव-खानापुरातल्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं नको, कमीत कमी हलवत उचलून थेट गाडीत.

भीमगड अभयारण्यात मात्र त्याला नेऊच नका, बाहेरची जागा बघा. आपल्या कुत्र्यांकडनं डिस्टेंपर हा व्हायरसचा जीवघेणा आजार रानकुत्र्यांना लागू शकतो, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हाच व्हायरस सापडला होता. डिस्टेंपर, पार्वो (उलटी-हगवणीचा जीवघेणा आजार), लेप्टो, रेबीज या लसी पूर्ण नसतील तर ट्रिप पुढं ढकला, आणि लसीचं पुस्तक बॅगेत टाका.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, लघवी गडद होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि जंगलात जाऊन आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.