दोषारोपपत्र हातात पडल्यावर: पोलीस अंमलदारांसाठी विभागीय चौकशीची तयारी

पोलिसाला कोर्टाची सवय असते आणि विभागीय चौकशीत नेमकी तीच नडते. पंच फुटले, फिर्यादी फिरला, आता काय सिद्ध होणार, हा हिशोब फौजदारी खटल्यात चालतो. डीईत (म्हणजे विभागीय चौकशीत) संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. घटना घडली असण्याची शक्यता जास्त दिसली की दोष सिद्ध. पुरावा कायद्याचे काटेकोर नियम इथे लागू नसतात, ऐकीव माहितीसुद्धा विचारात घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि आजही तोच दाखला दिला जातो. त्यामुळे साक्षीदार फुटण्याची वाट पाहणारा कसूरदार, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, बहुधा हरतो. बचाव पहिल्या पंधरवड्यात कागदावर उभा राहायला हवा.

आधी आपल्याला लागू कायदा कोणता ते पाहा. महाराष्ट्रात पोलीस निरीक्षक आणि त्याखालच्या दर्जासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमे २५ आणि २६ आणि शिक्षा व अपिलांचे १९५६ चे नियम लागतात. उपअधीक्षक आणि वरच्यांसाठी नागरी सेवेचे १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. दोषारोपपत्रात भलतेच नियम छापले असतील तर उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात तसे लिहा, पण केवळ त्यावर विसंबू नका; चुकीचा नियम उद्धृत झाला म्हणून चौकशी सहसा रद्द होत नाही. सही कोणाची आहे, याला जास्त वजन आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ असलेला अधिकारी तुम्हाला बडतर्फ करू शकत नाही.

पोच देताना

नुसती सही करू नका. तारीख, वेळ आणि मिळालेल्या पानांची संख्या स्वतःच्या हाताने लिहा. दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी असे चार भाग हाती यायला हवेत. एखादा नसेल तर पोचवरच ‘साक्षीदारांची यादी मिळाली नाही’ असे लिहून द्या. ही एक ओळ दोन वर्षांनी मॅटपुढे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे) कामाला येते.

कागद मागणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा आरोप असा आहे: रात्री ०२.४० वाजता तपासणी अधिकाऱ्यांना ट्रेझरी गार्डवरचा अंमलदार गैरहजर आढळला. ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असा अर्ज केलात तर तो फेटाळणे सोपे जाते. कागदाचे नाव, तारीख आणि तो का हवा, अशी तीन गोष्टींची मागणी करा. त्या रात्रीचा ड्युटी चार्ट, गार्डचे व्हिजिट बुक, ठाण्याच्या स्टेशन डायरीतल्या ००.०० ते ०६.०० च्या नोंदी, तपासणी अधिकाऱ्यांच्या वाहनाचे लॉगबुक, कंट्रोलला दिलेल्या वायरलेस संदेशाची नोंद. लॉगबुकातले किलोमीटर आणि वेळ जुळत नसेल तर ‘०२.४०’ हा आकडाच डळमळतो.

आरोप ठाण्याच्या आवारातल्या घटनेचा असेल तर सीसीटीव्ही फुटेज जतन करण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. डिसेंबर २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतले फुटेज १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे. प्रत्यक्षात हार्ड डिस्क भरली की जुने पुसले जाते. वेळेत दिलेला अर्ज हाती असेल तर फुटेज नसल्याचा दोष तुमच्या माथी येत नाही.

कागद नुसते ‘पाहून घ्या’ म्हणाले तर प्रती मागा. १९८६ च्या काशीनाथ दीक्षित प्रकरणात पोलीस अधीक्षकाविरुद्ध ३८ साक्षीदार आणि ११२ कागदपत्रे होती. प्रती न देता फक्त पाहू दिले, म्हणून बडतर्फी टिकली नाही. मात्र कोणता कागद न मिळाल्याने काय नुकसान झाले हे सांगावे लागते. नुसती ओरड चालत नाही.

उत्तर लिहिताना

‘माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, पुन्हा होणार नाही, तरी माफी असावी.’ ठाण्यातले सीनियर हे वाक्य हमखास सुचवतात, साहेब खूश होतील म्हणून. हा कबुलीजबाब आहे. तो फाईलला लागल्यावर साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही. किरकोळ गोष्टीत, ताकीद किंवा जादा कवायतीवर भागणार असेल, तर चालून जाते. बडतर्फीपर्यंत जाऊ शकणाऱ्या आरोपात चुकूनही नको.

प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर द्या: मान्य, अमान्य, किंवा अंशतः मान्य. उदाहरणार्थ: ‘दोषारोप क्र. १ अमान्य. सदर वेळी मी गार्डच्या ठिकाणीच, इमारतीच्या मागील बाजूस फेरीवर होतो. व्हिजिट बुकात ०२.३० ची माझी नोंद आहे. तपासणी अधिकारी वाहनातून खाली उतरल्याची नोंद कोठेही नाही.’ एवढे पुरते. वीस पानी उत्तरात माणूस स्वतःच कुठेतरी विसंगत बोलतो, आणि पुढचे प्रश्न तिथूनच येतात.

प्राथमिक चौकशीत दिलेला जबाब आधी काढून वाचा. त्यात जे म्हटले त्याच्या उलट लिहायचे असेल तर कारण द्या. ‘कर्तव्यात बेफिकिरी’ असा मोघम आरोप असेल तर कोणते कर्तव्य, कोणत्या आदेशाने दिलेले, हे विचारा. नुसती कार्यक्षमता कमी पडणे म्हणजे गैरवर्तन नव्हे, असे १९७९ पासून न्यायालय म्हणत आले आहे. निष्काळजीपणा गंभीर असेल आणि त्यातून मोठे नुकसान झाले असेल, उदाहरणार्थ आरोपी पळाला, तर मात्र हा मुद्दा लंगडा पडतो.

उलटतपास

उलटतपासाचे प्रश्न आधी लिहून काढा. आपल्याच साहेबांना विचारायचे असते, म्हणून अंमलदार गप्प बसतात, आणि न विचारलेली गोष्ट मान्य केल्यासारखी धरली जाते. आदराने विचारा, पण विचारा. वर सांगितलेल्या प्रकरणात प्रश्न साधे आहेत: आपण गाडीतून उतरलात का? इमारतीच्या मागे गेलात का? गार्ड कमांडरला विचारलेत का? व्हिजिट बुकात त्याच वेळी शेरा मारलात का? ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असेच प्रश्न ठेवा. ‘का’, ‘कशामुळे’ विचारलेत की साक्षीदाराला भाषणाची संधी मिळते.

तपास अधिकाऱ्याने घेतलेले जबाब नुसते फाईलला जोडून पुरावा होत नाही. जबाब देणारा चौकशीत येऊन तो शाबीत करायला हवा (सर्वोच्च न्यायालय, रूपसिंग नेगी प्रकरण, २००९). खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमला नसेल तर तेवढ्याने चौकशी बाद होत नाही. पण चौकशी अधिकारीच सरकारी वकिलासारखे तुमच्यावर प्रश्नांची सरबत्ती करू लागले तर ती बाद होऊ शकते. तसे घडले की त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि रोजनाम्यात नोंद घ्यायला सांगा. आजारी असाल तर वैद्यकीय प्रमाणपत्र तारखेआधी पोचवा. नाहीतर काम एकतर्फी चालते.

अहवाल आल्यानंतर

शिक्षेपूर्वी चौकशी अहवालाची प्रत मिळणे हा हक्क आहे (सर्वोच्च न्यायालय, करुणाकर प्रकरण, १९९३). अहवालात ‘दोष सिद्ध नाही’ असेल आणि शिक्षा देणारे घटकप्रमुख असहमत असतील, तर असहमतीची कारणे कळवून तुमचे म्हणणे आधी घ्यावे लागते. अंतिम कारणे दाखवा नोटिशीत जुन्या शिक्षांचा उल्लेख नसेल आणि अंतिम आदेशात ‘पूर्वेतिहास पाहता’ असे आले, तर तो अपिलात मांडायचा चांगला मुद्दा आहे.

निलंबनात निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या वेतनाएवढा आणि त्यावर महागाई भत्ता असा मिळतो. तीन महिन्यांनंतर लांबणीचा दोष तुमचा नसेल तर त्यात त्याच भत्त्याच्या ५० टक्क्यांपर्यंत भर घालता येते. त्यासाठी अर्ज करा. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचा दाखला दर महिन्याला द्या. तो चुकला की भत्ता अडतो.

त्याच घटनेचा खटला चालू असेल तर डीई आपोआप थांबत नाही. निर्दोष सुटल्यावर नोकरीही आपोआप परत मिळत नाही. साक्षीदार फितूर झाल्याने सुटणे आणि आरोप खोटा ठरून सुटणे यांत न्यायालय फरक करते. आदेश हाती येताच निकालाची प्रमाणित प्रत काढून शब्द नीट वाचा.

आधी खात्यात अपील, मग मॅट. अंतिम आदेशापासून मॅटची मुदत एक वर्षाची आहे. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. साहेबांनी ‘बघतो’ म्हटले म्हणून किंवा स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे पाठवली म्हणून ही मुदत वाढत नाही. अपील दिल्याची पोच मात्र आवक क्रमांकासह जपून ठेवा. ते सहा महिने त्याच तारखेपासून मोजले जातात.