देहविक्रीच्या कायद्यावर चर्चा घेण्यापूर्वी

गोव्यात वाचनालयाच्या परिसंवादात किंवा महाविद्यालयाच्या वादस्पर्धेत ‘देहविक्रीला कायदेशीर मान्यता द्यावी का’ हा विषय ठेवायचा असेल, तर संयोजकाने सर्वप्रथम १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा स्वतः वाचावा. प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेली देहविक्री हा त्यात मुळात गुन्हाच नाही. मात्र कुंटणखाना चालवणे, एखादीला या व्यवसायात ओढणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. कलम ४ अवश्य वाचून दाखवावे, कारण दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीला ते दोषी धरते, आणि त्या जाळ्यात दलालाबरोबर त्या बाईची म्हातारी आई किंवा शिकणारा मुलगाही सापडू शकतो. माझ्या मते खरी चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

त्यानंतर ‘मान्यता’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक वक्त्याकडून आधी वदवून घ्यावे. स्वीडनने १९९९ पासून गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले, विकणाऱ्या बाईला नाही. जर्मनीने २००२ मध्ये व्यवसायाला कायद्याच्या चौकटीत आणले. न्यूझीलंडने २००३ मध्ये तो गुन्ह्यांच्या यादीतूनच काढला. या तिन्ही वाटा एकाच शब्दात कोंबल्या की वाद भरकटतो. अल्पवयीन मुलींचा प्रश्न मात्र या वादात आणू देऊ नये. तिथे संमतीला अर्थच नाही.

गोव्याचे उदाहरण घ्यायचे तर बायण्याचे घ्यावे. जून २००४ मध्ये वास्कोच्या त्या किनाऱ्यावरील देहविक्रीची वस्ती पाडण्यात आली, तेव्हा या व्यवसायाशी संबंध नसलेल्या कुटुंबांचेही छप्पर गेले. ‘या बायका बाहेरच्या राज्यांतल्या’ असे कोणी म्हणालेच, तर गिऱ्हाईक कुठले आणि खोली भाड्याने देणारा कुठला, हे शांतपणे विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाचे १९ मे २०२२ चे निर्देशही हाताशी ठेवावेत: पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, कंडोम गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि प्रसारमाध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. एखादी स्त्री स्वतः बोलायला आली, तर तिचे नाव विचारू नये, सभागृहातील मोबाईल आधीच बंद करायला सांगावेत, आणि तिला पहिली वेळ द्यावी, म्हणजे बाकीच्यांना तिचे म्हणणे ऐकूनच बोलावे लागेल.