वस्तीत पाणी शिरल्यावर मदत कशी वाटावी, काय वाटू नये

मुंबईत अडीअडचणीला माणसं कमी पडत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हाही अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं. दरवेळी कमी पडते ती यादी. त्यामुळे गल्लीच्या तोंडावर राहणाऱ्यांकडे तीन-तीन पिशव्या साचतात आणि नाल्याकाठच्या शेवटच्या खोलीत एकही पोचत नाही.

म्हणून सामान विकत घेण्याआधी वही घेऊन वस्तीत फिरा. मतदार यादी किंवा रेशनकार्डांवर विसंबू नका. खाली मालक, पोटमाळ्यावर भाडेकरू, मागच्या खोलीत बांधकामावर जाणारी पाच-सहा पोरं, आणि कागदावर मात्र एकच घर, असा प्रकार जागोजागी असतो. हिशेब चुलीचा धरा: जिथे वेगळा स्वयंपाक होतो, ते वेगळं कुटुंब. गल्लीतल्याच दोन बायका बरोबर असू द्या. कोणाकडे किती माणसं हे त्यांना पाठ असतं आणि थाप त्यांच्यासमोर टिकत नाही. रकाने मोजकेच ठेवा: घर, माणसं, दोन वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा बाळंतीण, अंथरुणाला खिळलेलं कोणी, रोजचं औषध, कोणते कागद गेले, कमाईचं कोणतं साधन भिजलं. शेवटचे दोन रकाने सगळे विसरतात आणि पुढे महिनाभर तेच लागतात.

पहिले दोन दिवस कच्चा शिधा देऊ नका. शेगडी चिखलात असताना तांदूळ घेऊन बाई करणार काय? खिचडी, पोहे, चपाती-भाजी असं शिजवलेलं द्या, आणि तेही शिजल्यापासून चार तासांत पोटात जाईल एवढंच. दुपारी पॅक केलेला भात रात्री वाटला की सकाळी आख्ख्या गल्लीला जुलाब. जोडीला चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं ठेवा. तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर मात्र सरसकट वाटायची नाही. पाणी खराब असताना बाटलीचं दूध जिवावर बेततं आणि अंगावर पाजणारीचंही पाजणं सुटतं. ज्या बाळाला खरोखर वरचं दूध लागतं, त्याची आई आणि आरोग्यसेविका यांची गाठ घालून द्या.

चूल पेटली की शिधा. माणशी रोज २१०० कॅलरी हे मदतकार्यातलं रूढ माप आहे. पाच माणसांच्या घराला आठवडाभरासाठी ६ किलो तांदूळ, ६ किलो कणीक, ३ किलो डाळ, २ लिटर तेल आणि दीड किलो साखर घेतली की ते जवळपास जुळतं. वर मीठ, हळद, मिरचीपूड, चहापत्ती. वजन वीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा एकच गोणी करू नका. दोन पिशव्या करा, नाहीतर म्हाताऱ्या आजी लोखंडी शिडीवरून ती वर नेणार कशी? तेल वेगळं बांधा. एक पिशवी फुटली तर सगळी कणीक वाया जाते.

वस्तीतल्या वाण्याचंही दुकान बुडालेलं असतं. त्याचे रॅक पुन्हा भरले की शिधा वाटणं थांबवा आणि त्याच्याकडे चालणारी कुपनं द्या, किंवा सरळ पैसे. फुकटचा माल महिनाभर दारात येत राहिला तर वाणी उठतो आणि ज्याची उधारी त्याच्या वहीत चालते, तोही उघड्यावर येतो. पैसे शक्यतो घरातल्या बाईच्या खात्यावर टाका. मंडळाच्या खात्यात परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी संस्थेकडून देणगी घ्यायला परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसेल तर परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भाच्याला नम्रपणे नाही म्हणा.

जुने कपडे तर मुळीच गोळा करू नका. निवडायला माणसं अडकतात, वर्गखोल्या भरतात आणि शेवटी ढीग कचऱ्याच्या गाडीत जातो. नवी अंतर्वस्त्रं, गाऊन, लुंगी, टॉवेल, सॅनिटरी पॅड, चटई, चादर, मच्छरदाणी एवढं पुरे.

वाटप ट्रकवरून कधीही करायचं नाही. जोरकस माणसं पुढे, बाकीची मागे, आणि चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार तुम्ही. आदल्या दिवशी घराघरांत नंबर घातलेली, शिक्का मारलेली कुपनं द्या, दर वाटपाला रंग बदला. सकाळची वेळ टाळा, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांचा खाडा होतो. संध्याकाळी सातनंतर, उजेडाच्या जागी, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर. हात पसरलेल्या माणसांचे फोटो काढू नका. हिशेबाला सही-अंगठ्याचा कागद पुरतो.

लोक पालिकेच्या शाळेत हलवले असतील तर आधी खोली मोजा. माणशी साडेतीन चौरस मीटर लागतात, म्हणजे सहा बाय आठ मीटरच्या वर्गात तेरा जण. चाळीस कोंबले की तिसऱ्या दिवशी भांडणं सुरू, आणि पुढे खरूजही. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर, शौचालय वीस जणांमागे एक. बायकांच्या शौचालयाला आतून कडी आणि वाटेत दिवा, हे पहिल्याच संध्याकाळी बघा.

पाण्याची टाकी ब्लीचिंग पावडरीने शुद्ध करताना स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम पावडर धरतात. पण पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, म्हणून मापापेक्षा चाचणीवर भरवसा ठेवा. बादलीत पावडर कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची थेंबांची चाचणी, करा. पिवळा रंग आला नाही तर आणखी घाला. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळवा, गाळात क्लोरीन वाया जातं.

पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना, विशेषतः पायाला जखम असलेल्यांना, ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात न्या. लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती खरी आहे, पण तो टाळायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या मंडळाने परस्पर वाटू नयेत. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्या देत नाहीत.

आता सफाई. इथे सगळ्यांत मोठं नुकसान उत्साहाने होतं. फावडी, घमेली, गमबूट घेऊन पोरं येतात आणि दोन तासांत भिजलेल्या गाद्या, टीव्ही, फ्रिज नाल्याकाठी ढकलून देतात. मग तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा घर लख्ख, आणि नुकसान शून्य. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा फोटो काढा, मग एकेका वस्तूचा, मगच हात लावा. पंचनाम्यातलं नाव बँकेच्या पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते सही करण्याआधी वाचा आणि कागदाचा फोटो घ्या. भाडेकरूच्या सामानाची नोंद त्याच्याच नावाने व्हायला हवी, मालक कितीही म्हणाला तरी. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला गल्लीत थारा देऊ नका. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकू नका, कडक होऊन फाटतात. सुटी करून सावलीत, वर्तमानपत्राच्या घड्यांत वाळवा.

मीटर आणि वायरिंग तपासल्याशिवाय कोणालाही मेन स्विच चालू करू देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात मदतीचा ओघ आटतो, आणि वहीतला तो शेवटचा रकाना तेव्हा काढायचा. शिलाई मशीन, मसाला वाटायची गिरणी, इस्त्री, फॅब्रिकेशनवाल्याचं ग्राइंडर. बहुतेक वस्तू मेलेल्या नसतात. भिजलेली मोटर वाळवण्याआधी प्लगला लावली की मात्र जळते. म्हणून पहिल्या दिवसापासून सांगत राहा: लावू नका, उघडून ठेवा. मग एक मोटर वाइंडिंगवाला आणि एक मशीन दुरुस्त करणारा दोन दिवस वस्तीत बसवा, सुट्या भागांचा खर्च मंडळाने उचलावा. नव्या एका मशीनच्या किमतीत बऱ्याच जुन्या चालू होतात, आणि दुसऱ्या दिवशी बाई फॉल-बिडिंगची कामं घेऊ लागते.